इंजिन बदललेल्या जीपचा क्लच: रॉड आवळण्याआधी ओळंबा लावा

देवगडच्या भाऊंनी विचारलंय की सीजे-३बी जीपचं मूळ पेट्रोल इंजिन काढून प्यूजो डिझेल बसवलं, आणि तेव्हापासून क्लच काही ठिकाणावर नाही. पेडल जड झालंय, रिव्हर्स टाकताना गिअर ओरडतो, दर आठवड्याला क्लचच्या रॉडचा नट फिरवावा लागतो. वर्षभरात दुसरी क्लचप्लेट जळली. गॅरेजवाले आता प्रेशरप्लेट (क्लचप्लेट दाबून धरणारी तबकडी) बदला म्हणतात.

भाऊ, प्रेशरप्लेटवर पैसे घालू नका, निदान आत्ता तरी. तुम्ही जे लिहिलंय ते सगळं मी चिपळूणला माझ्या जीपवर भोगलंय. माझ्याही दोन प्लेटा गेल्या, त्यातली एक कुंभार्ली घाटात, मागे मालाने भरलेली गाडी असताना. दोष प्लेटेत नव्हताच. इंजिन बदलताना गिअरबॉक्स मागे सरकला होता आणि क्लचची जोडणी, म्हणजे पेडलपासून क्लचपर्यंत जाणारे रॉड, शाफ्ट आणि लिव्हर, मात्र जुन्याच जागी राहिली होती.

हे कसं होतं ते बघा. पेट्रोलचं एफ-हेड इंजिन काढून डिझेल बसवताना, ते जुन्या गिअरबॉक्सला जोडायला, मध्ये अ‍ॅडॅप्टर प्लेट घालतात. ती १८ मिमी जाड असेल आणि इंजिन पुढे घ्यायला जागा नसेल, तर गिअरबॉक्स तेवढाच मागे जातो. जीपच्या क्रॉस शाफ्टचं (पेडलची ओढ क्लचकडे नेणाऱ्या आडव्या दांड्याचं) एक टोक चॅसीवरच्या गोळ्यावर बसतं आणि दुसरं गिअरबॉक्सच्या बाजूच्या गोळ्यावर. एक गोळा जागेवर राहिला आणि दुसरा १८ मिमी मागे गेला, की २५० मिमी लांबीचा शाफ्ट चार अंशांनी तिरका होतो. वरून बघितलं तर लक्षातही येत नाही. पण त्यावरचे दोन्ही लिव्हर आता तिरके फिरतात, रॉड आडवा ओढला जातो आणि बुश (सांध्यातली धातूची नळी) एका बाजूने खाल्ला जातो. तुमचा नट दर आठवड्याला सैल होत नसावा. बुश झिजतोय आणि ती झीज तुम्ही नटाने भरून काढताय.

माझ्याकडे हा तिरकेपणा सांभाळायला एका गॅरेजने रॉड गॅसवर तापवून वाकवून दिला होता. दिसायला काम चोख. शेवटी मी स्वतः टॉर्च घेऊन गाडीखाली झोपलो आणि पुतण्याला पेडल दाबायला सांगितलं. रॉड धनुष्यासारखा ताणला जात होता, त्याचा बाक सरळ होत होता, आणि फोर्क (रॉडच्या टोकाला असलेला, क्लच सोडवणारा काटा) जागचा हलत नव्हता. पेडल अर्धं गेल्यावर फोर्क कुठे निघाला. पायाची निम्मी मेहनत रॉड सरळ करण्यात जात होती. तुम्हीही आधी हेच करा: इंजिन बंद ठेवून खाली झोपा, कुणाला तरी सावकाश पेडल दाबायला सांगा आणि प्रत्येक सांध्याकडे बघा. कुठला सांधा आधी हलतो आणि कुठला मागे राहतो, हे दोन मिनिटांत कळतं.

आता मापं. माझ्या गाडीवर पेडल साधारण १५० मिमी जातं, त्यातले २५ मिमी मोकळे. पेडलपासून रिलीज बेअरिंगपर्यंतचं (फोर्क जे ढकलून क्लच सोडवतो त्या बेअरिंगपर्यंतचं) गुणोत्तर बाराच्या आसपास आहे, म्हणजे बेअरिंग प्रत्यक्षात जेमतेम १० मिमी सरकतं. फोर्ककडच्या तीन पिनांत एकेक मिलिमीटर ढिलाई असली तर पेडलची बरीचशी चाल हवेत गेली. म्हणून आधी पिना आणि बुश नवे घ्या. गनमेटलचे बुश लेथवर करून घ्या. आपल्या खाऱ्या हवेत पिना गंजून बुश खातात, तेव्हा पावसाळ्याआधी ग्रीस भरल्याशिवाय गाडी ठेवू नका.

मग शाफ्ट सरळ करा. गाडी सपाट जागेवर चारही चाकांवर उभी हवी, जॅकवर नको, कारण जॅकवर चॅसी थोडी पिळते. डिझेल इंजिन जड असतं, त्याचं पूर्ण वजन फाउंडेशन रबरवर बसलेलं आणि सगळे बोल्ट आवळलेले असू देत. दोन्ही गोळ्यांच्या मध्यातून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खडूने खुणा करा. त्या खुणा जोडणारी रेघ गाडीच्या मधल्या रेषेला काटकोनात आली पाहिजे. उंचीही मोजा, कारण गिअरबॉक्स मागून उचलला गेला असेल तर शाफ्ट वर-खालीही तिरका असतो. फरक निघाला तर चॅसीकडचा ब्रॅकेट सरकवा. भोकं लांबट करून बोल्टवर जागा ठरवा, वेल्डिंगचे दोन टाके मारा, आठ दिवस गाडी चालवा आणि मगच पूर्ण वेल्डिंग करा. फोर्क किंवा रॉड वाकवून जुळवाजुळव करू नका.

लिव्हरचा कोनही बघा. पेडल अर्धं दाबलेलं असताना रॉड आणि लिव्हर काटकोनात हवेत. पेडल सोडलेलं असतानाच काटकोन झालेला असेल, तर पुढे जसजसं दाबाल तसतसा फोर्क कमी हलतो, आणि रिव्हर्सला लागणारी शेवटची सूतभर चाल मिळतच नाही. रॉडची लांबी सगळ्यात शेवटी ठरवायची, आणि तीही पेडलला २५ मिमी मोकळीक ठेवून. ती ठेवली नाही तर बेअरिंग सतत फिरत राहतं, प्लेट अर्धवट दाबलेली राहते आणि घाटात जळते.

आणखी एक. विलीजच्या जीपला इंजिन आणि चॅसीच्या आडव्या पट्टीमध्ये एक ताण-तार असायची. पेडल दाबल्यावर रबरवरचं इंजिन पुढे सरकू नये म्हणून ती होती. इंजिन बदलताना बहुतेकांची ही तार गायब होते. तुमचीही गेली असेल तर परत लावा. क्लच सोडताना गाडी थरथरते त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

एवढं करूनही क्लच सुटला नाही, तर पुढची तपासणी अशी. मागच्या एका चाकाखाली जॅक लावा आणि बाकीच्या चाकांना जांभ्याचे चिरे लावा. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून प्रॉपेलर शाफ्टवर (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावर) असतो, तो सोडावा लागतो, म्हणून चिरे नीट बसवा. इंजिन बंद, पहिला गिअर. कुणीतरी सावकाश पेडल दाबेल, तुम्ही उचललेलं चाक हाताने फिरवत राहा. पेडल तळाला लागायच्या निदान दोन इंच आधी चाक मोकळं व्हायला हवं. बेअरिंग पूर्ण सरकत असूनही चाक अडत असेल, तर दोष आत आहे: पायलट बुश (इंजिनच्या टोकातला, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारा) शाफ्टला घट्ट होतोय किंवा अ‍ॅडॅप्टर प्लेट मध्यावर नाही. डायल गेज लावून पूर्ण फेरीत १० थाऊपेक्षा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त फरक आला, तर प्लेट परत लेथवाल्याकडे न्या.

कुणीतरी हायड्रॉलिक क्लच सुचवेलच. स्टीअरिंग आड येत असेल आणि शाफ्टला जागाच नसेल तर जरूर करा. पण त्यातल्या स्लेव्ह सिलिंडरचा (तेलाच्या दाबाने फोर्क ढकलणाऱ्या सिलिंडरचा) दांडाही फोर्कला सरळच लागावा लागतो, आणि आपल्या दमट हवेत ब्रेक ऑइल पाणी ओढतं, ते वेळेवर बदलावं लागतं. आंब्याच्या बागेत फिरणाऱ्या गाडीला मी तरी रॉडच ठेवेन.

आधी ओळंब्याच्या त्या दोन खुणांमधला मागे-पुढे फरक मोजा आणि अ‍ॅडॅप्टर प्लेटची जाडी कळवा. ब्रॅकेट किती सरकवायचा ते मी सांगतो.