काळा दगडच बघायचा तर आइसलँड कशाला?

प्रश्न : आम्ही चोपडा तालुक्यातले, अडावदकडे केळीची शेती आहे. मुलगी जर्मनीत नोकरीला आहे, ती म्हणते जूनमध्ये आठ दिवस आइसलँडला जाऊ. मी, हे, आणि माझ्या सासूबाई, वय 68, गुडघे दुखतात. सासरे केळी सांभाळायला घरीच थांबणार आहेत. त्यांना फोटो दाखवले तर म्हणे, "तठे बी कायाच दगड शे ना, झाड बी नई शे." तेव्हापासून ह्यांचंही मन डळमळलंय, म्हणतात त्यापेक्षा स्वित्झर्लंड करू. खर्च वसूल होईल का? आणि नॉर्दर्न लाइट्स दिसतील का?

उत्तर : ताई, आधी नॉर्दर्न लाइट्सचं, म्हणजे रात्री आकाशात दिसणाऱ्या त्या रंगीत प्रकाशाचं सांगून टाकते, जूनमध्ये दिसणार नाहीत. रात्रच होत नाही हो. 21 जूनच्या आसपास रेक्याविकला, म्हणजे तिथल्या राजधानीत, सूर्य मध्यरात्रीनंतर मावळतो आणि पहाटे तीनच्या सुमारास परत वर, मधल्या वेळात वाचता येईल एवढा उजेड असतो. लाइट्स बघायच्या तर सप्टेंबर ते एप्रिलची सुरुवात, पण तेव्हा वारा, बर्फ, बंद रस्ते, सासूबाईंना घेऊन मी तरी सांगणार नाही. जूनच बरा. डोळ्यावर बांधायला पट्टी मात्र न्या.

आता सासरे म्हणतात ते. दगडाचं त्यांनी अगदी बरोबर ओळखलंय, आणि मला वाटतं तुम्ही जावं ते त्याच कारणासाठी. तो बेसॉल्टच, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड, अजिंठ्याच्या डोंगराचा आणि तुमच्या सातपुड्याचा तोच. फरक वयाचा. आपल्याकडचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि थंड झाला, तिथला सगळ्यात जुना दगड 1.6 कोटी वर्षांच्या आसपासचा आणि सगळ्यात नवा अजून बाहेर येतोय. रेक्यानेस भागात 2021 पासून पुन्हा पुन्हा जमीन फाटून लाव्हा येतो, नोव्हेंबर 2023 मध्ये ग्रिंडाविक नावाचं अख्खं गाव रातोरात रिकामं करावं लागलं. आपल्या डोंगरांना डेक्कन ट्रॅप म्हणतात ना, तो ट्रॅप शब्दच तिकडचा, स्वीडिशमध्ये त्रापा म्हणजे पायऱ्या. पूर्वेकडच्या फियोर्डमध्ये, म्हणजे समुद्र आत शिरलेल्या अरुंद खोऱ्यांत गेलात तर समुद्रातून थेट उठलेले थराथराचे डोंगर दिसतात, आणि खानदेशातल्या माणसाला क्षणभर वाटतं अरे हे तर आपलंच, फक्त खाली तापीच्या जागी समुद्र. स्वित्झर्लंडला ही ओळख पटायची नाही.

उनपदेवला तुम्ही कितीदा गेला असाल, गोमुखातून गरम पाणी येतं तिथे. आइसलँडमध्ये असं पाणी देशभर आहे आणि त्यांनी ते पाइपाने घरात आणलंय, जवळपास 90 टक्के घरं त्यावरच उबदार राहतात. गरम नळाला अंड्यासारखा वास येतो, घाबरू नका, गंधकाचा असतो. प्यायला गार नळाचं पाणी घ्यायचं, फार गोड आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

आणि केळी! रेक्याविकपासून पाऊण तासावर ह्वेरागेर्दी म्हणून गाव आहे, तिथल्या बागकाम शिकवणाऱ्या शाळेच्या काचघरात जमिनीतल्या वाफेवर केळी वाढवतात. उष्णता भरपूर, पण हिवाळ्यात उजेडच नाही, म्हणून घड तयार व्हायला दीड-दोन वर्षं जातात. तुमच्याकडे टिश्यूचं रोप 11-12 महिन्यांत घड देतं. तिथे ती विकत नाहीत. मुलीला आधी त्या शाळेला विचारायला सांगा, आत जाऊ दिलं तर सासऱ्यांसाठी फोटो काढा, त्या फोटोवर ते नक्की तासभर बोलतील.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आठवतो तो लॉगरवात्नच्या तळ्याकाठचा ब्रेड. काळी वाळू, तिच्यातून बुडबुडे येताहेत, एक माणूस फावड्याने उकरतो आणि आतून भांडं काढतो, त्यात राय नावाच्या धान्याचं पीठ आदल्या दिवशी पुरलेलं, 24 तास जमिनीनेच भाजलेलं. भांडं तळ्यात धुतो, झाकण उघडतो, वाफ थेट चष्म्यावर. रंग कळण्याच्या भाकरीपेक्षाही गडद, चव गुळाची, वर लोण्याचा जाड थर. चुलीच्या निखाऱ्यात भरिताचं वांगं पुरणाऱ्या आपल्या लोकांना हे काही वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आठ दिवसांत अख्खा देश करू नका, हे मनापासून सांगते. रिंग रोड सुमारे 1,300 किलोमीटरचा आहे, टूरवाले आठ दिवसांत फिरवतात, पण सासूबाई गाडीतच बसून राहतील. फक्त दक्षिण करा. दोन रात्री रेक्याविक, त्यातला एक दिवस गोल्डन सर्कल : थिंगवेलिर (तिथे 930 साली लोकांची सभा भरायला लागली, आणि तिथेच अमेरिका-युरोप ज्यांच्यावर आहेत त्या जमिनीच्या अवाढव्य प्लेटा वर्षाला साधारण 2 सेंटिमीटर लांब सरकतात), स्त्रोक्कुरचा गरम फवारा जो दर पाच-दहा मिनिटांनी उडतो, आणि गुलफॉस धबधबा. मग दोन रात्री विक नावाच्या गावाजवळ, दोन रात्री पुढे हॉफ्न गावाकडे, परत. स्कोगाफॉस 60 मीटरचा धबधबा आहे, पार्किंगपासून सपाट चालत पायथ्याशी जाता येतं, वरच्या पायऱ्या तुम्ही चढा, सासूबाईंना खाली बसवा. योकुलसारलोनला तर गाडीतून उतरलं की समोर निळे हिमखंड तरंगत असतात, ते तळं 1930च्या दशकात हिमनदी मागे हटली तेव्हा तयार व्हायला लागलं, अजून वाढतंय. तिथे घाई करू नका, अर्धा दिवस ठेवा.

झाडं खरंच कमी आहेत, पण जूनमध्ये ल्युपिनची जांभळी फुलं मैलोन्मैल असतात आणि लाव्ह्यावर जाड मऊ शेवाळ. त्यावर पाय देऊ नका, एकदा दबलं की भरायला कित्येक वर्षं लागतात.

एक गोष्ट मात्र कडक पाळा. विकजवळच्या रेनिसफ्यारा या काळ्या किनाऱ्यावर शांत दिसणारा समुद्र अचानक मोठी लाट टाकतो, तिथे माणसं गेलेली आहेत. लाल दिवा लागला असेल तर खाली उतरायचंच नाही, आणि पाण्याकडे पाठ करून सेल्फी अजिबात नाही.

प्रश्न : धुळ्याहून चार मित्र जातोय, गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवू म्हणतो. जमेल का?

उत्तर : जमेल. इंटरनॅशनल परमिट इथूनच काढून न्या, गाडी उजवीकडून चालते, दिवे भर दिवसाही लावलेले हवेत. डांबरी रस्त्यावर 90, खडीच्या रस्त्यावर 80 च्या वर नाही. नंबराआधी एफ असलेले डोंगरी रस्ते फोर बाय फोरशिवाय करायचे नाहीत, आणि रस्ता सोडून माळावर गाडी घालणं तिथे गुन्हा आहे. दार उघडताना ते हाताने घट्ट धरून ठेवा. वारा एवढा असतो की दार उलटं वाकतं, आणि वाऱ्याचं नुकसान बहुतेक विम्यात धरत नाहीत, गाडी घेताना हे विचारून घ्या.