आरतीच्या वह्या, काळे ठिपके आणि भादव्यातली घाई

ताई, महालक्ष्म्यांसाठी केलेल्या साठ आरतीच्या वह्यांची हातकागदाची मुखपृष्ठं होडीसारखी वळली, वर काळे ठिपके आले आणि कागदवाल्यानं खराब माल दिला असं तुम्हाला वाटतंय. वाचून पोटात गोळाच आला. माझ्याकडं हेच झालंय, तेही दीडशे वह्यांचं. मीसुद्धा आधी कागदवाल्यालाच बोल लावला होता, तो बिचारा ऐकून घेत राहिला.

घड्या, मापं, शिवण तुम्हाला येतंच, ते सोडते.

मी हे काम शिकले मे महिन्यात. परभणीचा मे! खळ लावून कागद ठेवला की तासाभरात खडखडीत. मला वाटलं, कागद वाळतो तो असाच. पहिली मोठी ऑर्डर ठाण्याच्या नातेवाइकांकडून आली ती श्रावण संपताना. बाहेर झड लागलेली. रात्री पुठ्ठ्यांवर कागद चिकटवला, सकाळी हात फिरवला, कोरडा लागला. दहा-दहाचे गठ्ठे करून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातले, वर टेप. पावसात भिजू नयेत म्हणून! वरचा कागद कोरडा होता, पण आतला पुठ्ठा खळीचं पाणी पिऊन बसला होता. ते पाणी बाहेर जायची वाट मीच टेप लावून बंद केली, आत बुरशी धरली, तेच हे काळे ठिपके.

त्यात पार्सलचं ऑफिस. नाव घेत नाही. तीन दिवसांत पोचेल म्हणाले, खोकं नऊ दिवस कुठंतरी पडून. फोन केला की ‘सिस्टिममध्ये दिसत नाही’. खोकं उघडलं तेव्हा गणपती बसून गेले होते. तक्रार करायला गेले तर म्हणे पावती दाखवा. दाखवली. मग पॅकिंग करतानाचा फोटो हवा. तोही नशिबानं होता. तो बघून साहेब म्हणाले, ‘माल आतूनच खराब झालाय, बाहेरून खोकं कोरडं आहे.’ राग याचाच जास्त आला, की तेवढं एक वाक्य त्यांचं खरं होतं. पण नऊ दिवसांचं काय, यावर आजतागायत उत्तर नाही. पैसे गेले, वरून ठाण्याची वहिनी वर्षभर टोमणे मारत होती.

असो. आता गालाची परीक्षा सांगते. बोटांना ओल कळत नाही, कामानं कातडी जाड झालेली असते. मुखपृष्ठ गालाला लावा. गार लागलं की आत ओल आहे. भादव्यात मी पुरे चार दिवस देते. दोन्ही बाजूंनी कोरे कागद, वर पाट, पाटावर वजन, आणि पहिल्या दिवशी ते कोरे कागद तीनदा बदलायचे. वर्तमानपत्र घालू नका, शाई उठते.

वळण्याचं कारण वेगळं. ओला कागद फुगतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडं ओढतो. आतल्या बाजूनंही त्याच जातीचा कागद लावला की दोन्हीकडून ओढ सारखी होते. पैसे वाचवायला आत पातळ पांढरा कागद लावला असेल, तर वळणारच.

खळ घट्ट हवी. मी वाटीभर मैद्याला पाच वाट्या पाणी घेते, शिजवून गार करते. जुने बाइंडर त्यात मोरचूद घालायचे, कीड लागू नये म्हणून. ते विष आहे. घरात लेकरं असतील तर नकोच. हे माझं मत, मी काही रसायनवाली नाही.

कागद घ्यायला जमलं तर दौलताबादच्या पुढं कागजीपुऱ्याला, हातकागद बनवणाऱ्यांच्या गावाला, स्वतः जा. मुहंमद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तेव्हापासूनची ही कला असं तिथं सांगतात. ताव हातात घेऊन कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाका. लगेच शोषला गेला तर तो कागद बनवताना त्याला खळ दिलेली नाही, त्यावर शाई पसरणार. पताकांना चालेल, मुखपृष्ठाला नको. आणि आतली पानं हातकागदाची करायचा हट्ट सोडा, आरत्या वाचायच्या असतात. गुलाबपाकळ्यांचा कागदही टाळा, पाकळ्या तपकिरी पडतात.

२०१८ च्या थर्माकोलबंदीनंतर कागदी मखर-पताकांना गिऱ्हाईक बरं मिळतंय, म्हणून दिवाळीला आकाशकंदील करणार असाल तर एवढं बघा: आत जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब नको, छोटा एलईडी घ्या. कडा कात्रीनं कापू नका. पट्टीच्या कडेनं ओला ब्रश फिरवा आणि हळूच ओढून फाडा, रेशे सुटलेली झालरीसारखी कड येते.

तुमच्या साठ वह्यांचं म्हणाल तर ठिपके पुसून जात नाहीत, मी लिंबापासून उन्हापर्यंत सगळं करून बघितलंय. पण आतली पानं वास न येता कोरडी असतील तर वही वाचते. शिवणीचा दोरा कापा, मुखपृष्ठं फेका, पानं दोन दिवस उन्हात मोकळी ठेवा. आणि नवीन मुखपृष्ठं करायला ऑक्टोबरची उन्हं पडू द्या. गिऱ्हाइकाला फोन करून तेवढी मुदत मागा, मला ते नऊ दिवसांत सुचलं नव्हतं.