वरच्या नाल्यात पानं फाडणारे किडे सापडत नाहीत? खेकडे मोजलेत का?

प्रश्न: विदर्भातल्या एका जंगली नाल्यावर एम.एस्सी.चा प्रकल्प करतोय. वरच्या सावलीतल्या टप्प्यात पानं फाडून खाणारे किडे जवळजवळ मिळालेच नाहीत. माझं सॅम्पलिंग चुकलं का?

उत्तर:

चुकलं नसावं. हाच प्रश्न 2011 साली मी माझ्या गाइडना विचारला होता. त्यांचं उत्तर अजून सलतं, म्हणून लिहायला बसले.

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट लागायच्या आधी आमचं गाव. गावामागच्या नाल्यावर मी तीन जागा धरल्या होत्या. वरची सागवान-ऐनाच्या सावलीत, मधली वावरांच्या कडेला उन्हात, खालची बंधाऱ्याच्या सांडव्यापाशी. मधे गोट्यांवरचं शेवाळ खरवडणारी मेफ्लाय या उडत्या किड्याची पाण्यात वाढणारी चपटी पिल्लं भरपूर. सांडव्याखाली जाळं विणून वाहतं खाणं अडवणाऱ्या कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या किड्याच्या अळ्या. चतुराची पिल्लं तिन्हीकडे. हे सगळं पुस्तकाबरहुकूम. वर मात्र पानांचा खच पडलेला आणि तो खाणारा किडा औषधालाही नाही.

सर म्हणाले, "जाळं नीट लावलं नाहीस, परत जा." तीनदा गेले. तिसऱ्यांदा ट्रे धरायला माय सोबत होती. ती म्हणाली, "पानं त खेकडेच नेतेत बिळात. तुले ठाऊक नाही काय?"

मग मी ऐनाची पानं मच्छरदाणीच्या कापडात शिवून एका डोहात ठेवली, आणि तेवढीच पानं नुसती सुतळीने बांधून शेजारी. दीड महिन्याने पाहिलं तर कापडातली काळी पडलेली, मऊ झालेली, पण अख्खी. सुतळीच्या जुडीत शिरा आणि देठ उरलेले. बाजूच्या बिळाच्या तोंडाशी पानांचे कुरतडलेले तुकडे. मी खेकड्यांचा वेगळा तक्ता केला.

सरांनी तो काढायला लावला. "खेकडा कीटक नाही, विषय जलकीटकांचा आहे." मी काढला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, वर एवढी पानं आहेत तर ती खातं कोण? उत्तर मला माहीत होतं, पण प्रबंधात नव्हतं. मी गप्प उभी राहिले.

वर पानं फाडणारे, मधे खरवडणारे, खाली गाळ वेचणारे, ही मांडणी ओढ्यांचे अभ्यासक व्हॅनोट आणि सहकाऱ्यांनी 1980 साली केली ती उत्तर अमेरिकेतल्या जंगली ओढ्यांवरून. तिथे शरद ऋतूत पानं वाहत्या थंड पाण्यात पडतात. आपला सागवान पानं टाकतो तेव्हा नाला आटत आलेला असतो. पानं कोरड्या पात्रात वाळतात आणि पावसाळ्याच्या पहिल्या पुरात बरीचशी वाहून जातात. उरलेली कडक, चवीला तुरट. त्यात पाणी कोमट, म्हणून बुरशी आणि जिवाणू पानं कुजवायचं आपलं काम लवकर उरकतात. केनियात, हाँगकाँगमध्येही काही अभ्यासांत फाडणारे किडे कमीच सापडले आहेत. उष्ण प्रदेशात बऱ्याच ठिकाणी हे काम खेकडे आणि झिंगे करतात. हे ज्या गाइडना माहीत नाही त्यांनी विद्यार्थ्याला "परत जा" म्हणू नये.

आणखी एक, कोणता किडा काय खातो याच्या अमेरिकन तक्त्यात नाव बघून किड्याला "फाडणारा" किंवा "वेचणारा" ठरवू नका. थोडी पिल्लं कापून आतड्यात काय आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली बघा. एकच किडा शेवाळही खातो आणि गाळही.

आता माझ्या प्रयोगातली खोट. मोकळी जुडी प्रवाहानेही फाटते, त्यामुळे सगळं श्रेय खेकड्याला देता येत नाही. तुम्ही तीन पिशव्या करा. एक बारीक जाळीची, दुसरी किडे शिरतील पण खेकडा नाही अशी, तिसरी खेकडाही शिरेल एवढी मोठी. आणि कधीमधी चूक खरंच सॅम्पलिंगची असते. पानांचे गठ्ठे घाईत खळबळले तर पानांच्याच तुकड्यांचं घर करून राहणाऱ्या कॅडिसच्या अळ्या कचरा समजून फेकल्या जातात. सह्याद्रीतल्या बारमाही थंड ओढ्यांनाही माझं म्हणणं जसंच्या तसं लावू नका.

खेकडे रात्री मोजा, बॅटरी घेऊन. दिवसा ते बिळात असतात. गाइड तक्ता काढा म्हणाले तर परिशिष्टात घाला, पण काढू नका.