ताग फुलू द्यावा की कळीतच गाडावा?

तुम्ही विचारलंय की नाशिकजवळच्या एकरभर जमिनीत मधमाश्या येतील आणि मातीही सुधारेल असं कोणतं हंगामी फूल पेरावं. ताग पेरा, म्हणजे पोत्यांचा ज्यूट नव्हे, हिरवळीच्या खताचा ताग (सनहेम्प). विलायती रानफुलांच्या बियांच्या पाकिटांवर पैसे घालवू नका.

आमचं शेत दिंडोरी तालुक्यात. इथे ताग म्हणजे फक्त हिरवळीचं खत. पहिल्या पावसावर एकरी 20-25 किलो बी दाट फेकायचं आणि 45-50 दिवसांनी कळी दिसली की रोटा (ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर) मारून मातीत गाडायचं. फूल कोणी पाहतच नाही. आमच्या तात्यांना तर शेतात पिवळं दिसलेलं खपायचं नाही. फुलला की जून झाला, खोडाचा वाख (चिवट धागा) होतो, लवकर कुजत नाही, हे त्यांचं म्हणणं. रानभर पेरलेल्या तागासाठी ते बरोबरच आहे. पण मी गिलक्याच्या मांडवालगतची एक पट्टी राखायला निघालो, तर चार माणसांसमोर म्हणाले, ''भुंग्यांसाठी शेती करतो का?''

हो, करतो! पट्टी राखलीच. श्रावणात ती पिवळीधमक झाली आणि मोठे काळे भुंगे लोटले. हे भुंगे मांडवाच्या वाळक्या बांबूतच घर करतात आणि गिलक्याच्या फुलांवरही तेच जातात. गिलक्याचं नर फूल वेगळं, मादी वेगळं. पराग कोणी नेला नाही तर कळी पिवळी पडून गळते. त्या कडेची सेटिंग, म्हणजे फळधारणा, बघायला शेजारचे आले होते. तागालाही भुंगाच लागतो, तो फुलावर बसला नाही तर शेंगेत दाणा भरत नाही. माझ्या शेंगा भरून खुळखुळ वाजत होत्या. पुढच्या पेरणीचं बी घरचं निघालं. तात्यांना अजून पटलेलं नाही.

मातीचं म्हणाल तर झाड उपटून मुळावरची गाठ फोडून बघा. आतून गुलाबी असली तर हवेतलं नत्र (नायट्रोजन) धरणारे जिवाणू काम करताहेत.

एक राहिलं. तागाचं फूल ताठ असतं, त्यावर भुंगे जास्त, लहान मधमाश्या कमी. पेट्या ठेवून मधच काढायचा असेल तर सुरगाणा-पेठकडे पिकते ती खुरासणी (कारळा, एक तेलबी) पेरा. ती मात्र नत्र धरत नाही. तागाचं बी गुरांच्या तोंडी जाऊ देऊ नका. आणि शेजारी द्राक्षबाग असेल तर कीटकनाशकाची फवारणी केव्हा आहे ते विचारून ठेवा. फुललेल्या पट्टीवर औषध उडालं तर भुंगे मरतात, आणि घरचे म्हणतात, बघ, पट्टीचा काही उपयोग झाला नाही.