बटण दाबल्यावर कोण येणार?

हॉटेलात काम करणाऱ्यांच्या पॅनिक बटणांविषयी, म्हणजे संकटात मदत बोलावायच्या बटणांविषयी, बरेच प्रश्न आले आहेत. त्यांतले पाच आज घेते.

मी हाउसकीपिंगला आहे. आम्हाला किचेनसारखा अलार्म दिलाय. पिन ओढली की जोरात वाजतो. एवढं पुरेसं आहे का?

नाही. असे अलार्म १२० डेसिबलच्या पुढे वाजतात. समोरचा दचकतो आणि तेवढ्यात दाराबाहेर पडता आलं तर उपयोग झालाच. पण तुमच्या कामाची वेळ आठवा. चेकआउट होऊन गेलेले, मजला रिकामा, दारं जाड, पॅसेजमध्ये गालिचा. ऐकायला असतं कोण? आणि खाली कुणी ऐकलंच, तरी आवाज कुठल्या खोलीतून येतोय हे त्याला कसं कळणार?

तुम्हाला हवं ते बटण निराळं. ते दाबलं की तुमचं नाव आणि खोलीचा नंबर थेट सिक्युरिटीच्या फोनवर जातो. यात जीपीएसवर विसंबू नका. इमारतीच्या आत तो नीट चालत नाही आणि तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आहात की नवव्या, हे भरवशाने सांगत नाही. म्हणून चांगल्या यंत्रणेत खोल्यांमध्ये आणि पॅसेजमध्ये छोटे ब्लूटूथ बीकन, म्हणजे आसपास सतत संकेत पाठवणारी उपकरणं, बसवतात. जवळच्या बीकनवरून तुमची जागा कळते.

बटण अंगावर कुठे आहे, तेही बघा. चादर खोचताना तुम्ही वाकलेल्या असता, दोन्ही हात गादीखाली आणि पाठ दाराकडे. तेव्हा ट्रॉलीवर ठेवलेलं किंवा एप्रनच्या खिशात तळाशी गेलेलं बटण काय कामाचं? ते कमरेच्या पट्ट्याला किंवा छातीशी क्लिपने लावा, न बघता बोटाला सापडेल असं. गळ्यात दोरीने अडकवायचं असेल, तर झटका बसताच सुटणारी दोरीच मागून घ्या. साधी दोरी कुणी धरून आवळू शकतं.

बटण घेतलं तर आम्ही कुठे किती वेळ थांबतो ते सुपरवायझर बघत बसतील, असं सगळ्याजणी म्हणतात. खरं का?

भीती रास्त आहे. काही यंत्रणा दिवसभर जागा नोंदवतात, काही फक्त बटण दाबल्यावर कळवतात. दुसऱ्या प्रकारची मागा, आणि बाथरूमला किती वेळ लागला, किती खोल्या झाल्या यासाठी ही माहिती वापरणार नाही, हे व्यवस्थापनाकडून लेखी घ्या. मॅनेजरांनाही माझं सांगणं आहे: पाळत वाटली की बायका बटण लॉकरमध्ये ठेवून कामाला जातील, आणि नेमकं हवं तेव्हा ते जवळ नसेल.

पाहुण्याने मागून दार लावून घेतलं. मी घाबरून बटण दाबलं. तो म्हणाला, मी काहीच केलं नाही. मॅनेजर माझ्यावरच चिडले. माझं चुकलं का?

तुमचं अजिबात चुकलं नाही. तुम्ही खोलीत असताना दार बंद करणं हेच बटण दाबायला पुरेसं कारण आहे. अंगाला हात लागेपर्यंत वाट बघायची असेल तर बटण द्यायचंच कशाला?

जिथे याचे कायदे झाले, तिथेही हाच विचार आहे. अमेरिकेतल्या शिकागोत युनाइट हिअर या कामगार संघटनेने २०१६ मध्ये पाहणी केली, तेव्हा हॉटेलातल्या ५८ टक्के महिलांनी पाहुण्यांकडून लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. पुढच्याच वर्षी शहराने बटणं सक्तीची केली. अमेरिकेतल्याच न्यू जर्सी राज्याचा २०१९ चा कायदा शंभर आणि त्याहून जास्त खोल्यांच्या हॉटेलांना लागू आहे. धोका आहे असं वाजवी कारणाने वाटलं तरी कर्मचारी बटण दाबू शकते, आणि दाबलं म्हणून तिच्यावर कारवाई करता येत नाही. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये तर तो पाहुणा असेपर्यंत तिला दुसरीकडे काम द्यावं लागतं, पोलिसांत तक्रार करायला भरपगारी वेळही द्यावा लागतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१९ चा करार क्रमांक १९० कामाच्या जागी बाहेरच्या माणसाकडून होणारा छळही धरतो. पाहुणा यात आलाच.

तुमच्या मॅनेजरांनी त्या दिवशी पहिला प्रश्न ‘तू ठीक आहेस ना?’ हा विचारायला हवा होता. झालेलं सगळं तारीख, वेळ, खोली नंबर घालून आजच लिहून ठेवा आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा.

मी रात्रपाळीला रिसेप्शनवर एकटा असतो. पुरुषांना बटण मागता येतं का?

जरूर मागा. दारू पिऊन अंगावर येणारे असतात, गल्ल्यावर डोळा ठेवून येणारेही असतात. बेलबॉय, रूम सर्व्हिस, मिनीबार भरणारे हेही एकट्यानेच खोलीत जातात. बाथरूममध्ये पाय घसरून पडलं, तरी मदत याच बटणाने येते.

आमचं हॉटेल बारा खोल्यांचं आहे. एवढी यंत्रणा झेपत नाही. काय करावं?

बीकन नसले तरी चालेल, पण हाकेला ओ देणारा माणूस हवाच. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने साठ आणि त्याहून जास्त खोल्यांच्या हॉटेलांना २०२० पासून बटणं सक्तीची केली. छोट्यांना एक वर्ष जास्त मिळालं, सूट मिळाली नाही. तुम्ही वॉकी-टॉकीपासून सुरुवात करा. खोलीत शिरताना ‘सातमध्ये जातेय’ आणि निघताना ‘सात झाली’ एवढं कळवायचं. पाहुणा आत असेल तर दोघींनी जायचं, किंवा तो बाहेर पडल्यावर.

मोठ्या हॉटेलांनाही पुढचं लागू आहे. मदतीला कोण धावणार ते प्रत्येक पाळीला नाव घेऊन ठरवा. तो जेवायला गेला तर दुसरा कोण, तेही ठरवा. धावणाऱ्याकडे मास्टर की असलीच पाहिजे. बंद दारासमोर चावीची वाट बघत उभं राहण्यात मोलाची मिनिटं जातात. महिन्यातून एकदा न सांगता बटण दाबून बघा, घड्याळ लावून. लिफ्टमध्ये, तळघरातल्या लॉन्ड्रीत, लिनन रूममध्ये, मागच्या जिन्यावर, आणि रात्री तीन वाजताही. बॅटरी तपासायचं काम एकाच माणसाकडे द्या आणि त्याची सही घ्या.