वाचकांचे प्रश्न: गावातल्या वर्कशॉपची तारीख कोणी ठरवायची?

या वेळी गावाकडच्या वर्कशॉपबद्दल आणि यात्रा-उत्सवांबद्दल बरीच पत्रं आलीत, त्यातली तीन घेतेय. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिलीय कारण तसंच विचारणारे खूप जण आहेत.

प्रश्न: आम्ही घोडबंदर रोडच्या सोसायटीतल्या 40 जणी. जुलैमधल्या एखाद्या रविवारी शहापूरकडच्या एका पाड्यावर वारली पेंटिंगचं वर्कशॉप करायचंय, म्हणजे पाऊस आणि हिरवळ पण मिळेल. तिथल्या चित्रकार दादांशी फोनवर बोललो, ते नाही म्हणत नाहीत पण तारीखही देत नाहीत, नुसतं "बघू ताई" चाललंय. बस बुक करायची आहे, काय करावं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: बस आत्ता बुक करू नका ताई. ते दादा चित्रकार आहेत तसे शेतकरीही आहेत आणि जुलै म्हणजे भातलावणी. रोप तीनेक आठवड्यांचं झालं की ते उपटून लावावंच लागतं, चांगला पाऊस झाला की घरातलं लहानमोठं सगळं माणूस चिखलात, आणि तो दिवस नेमका कुठला हे त्यांना स्वतःलाही आधी सांगता येत नाही. रविवार तुमचा असतो, शेताला रविवार नसतो. आणि घरी येतो म्हणणाऱ्याला तोंडावर नको कसं म्हणायचं म्हणून ते टाळतायत, तर तुम्हीच फोन करा आणि म्हणा की दादा, तुमची कापणी-झोडणी उरकली की तुम्ही सांगाल त्या दिवशी येतो. बघा कसं मोकळं बोलतात.

दिवाळीनंतर जाण्यात तुमचाही फायदा आहे. पावसात कारवीच्या काड्यांच्या भिंतीला, म्हणजे कुडाला, ओल धरलेली असते, पाऊस संपला की तो शेणमातीने लिंपून वर गेरू लावतात आणि त्या ताज्या लाल भिंतीवर पांढरी रेघ उठते ती कागदावर कधीच उठत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात छान.

आता 40 जणी. एका माणसाला 40 जणींना शिकवता येत नाही हो, मग होतं काय की अर्ध्या जणी फोटो काढत बसतात. 12-15 च्या तुकड्या करा आणि तीन-चार वेगवेगळ्या रविवारी जा. बांबूच्या बारीक काडीचं टोक चावून मऊ करतात तोच ब्रश, तांदळाच्या पिठात पाणी आणि थोडा डिंक घालतात तोच रंग. ओला असताना तो अगदी फिकट दिसतो, त्यामुळे नवीन माणसाला वाटतं उमटलंच नाही, मग ती त्यावरून परत काडी फिरवते आणि वाळल्यावर रेघ जाड भदाडी होते. "थांबा, वाळू द्या" हे प्रत्येकीच्या शेजारी बसूनच सांगावं लागतं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस काढायचा हे सोपं वाटतं, पण त्या माणसाला वाकवायचा, नाचवायचा तर सकाळ कमी पडते.

दादांसोबत घरातल्या बायकांनाही शिकवायला बसवा आणि त्यांचे पैसे वेगळे द्या, हे मी मुद्दाम सांगतेय. चित्रकार भास्कर कुलकर्णींनी 1970च्या दशकात ही चित्रं शहरापर्यंत आणली, डहाणूकडच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चौकोनी चित्र, सवाशिणीच लिहीत आल्या आहेत. आणि चौकातली पालघाट देवी ही लग्नातली देवी आहे, ती कॉफीच्या मगांवर आणि कोस्टरवर काढायला मागू नका. झाडं, मोर, तारपा नाच, शेतातली कामं, काढायला पुष्कळ आहे.

पैशांचं बसमध्ये चढायच्या आधी ठरवा. सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेत ट्रेनिंगला बसणाऱ्या कारागिराला दिवसाला 500 रुपये स्टायपेंड मिळतो, म्हणजे शिकणाऱ्याच्या दिवसाची पण किंमत धरलीय, मग शिकवणाऱ्याला "तुमचं प्रमोशन होईल" म्हणून हजार रुपयांत गुंडाळणं बरोबर नाही. दिवसाची फी, सामानाचे पैसे आणि जेवणाचे पैसे असे तीन वेगळे आकडे काढा, जेवण गावातल्या बचत गटाला सांगा आणि रिसॉर्टचा बुफे विसरा, नागलीची भाकरी आणि भाजी मस्त होते. प्यायचं पाणी मात्र आपापलं घेऊन जा. भातसा-तानसाची धरणं शहापूर तालुक्यातच आहेत, मुंबई-ठाण्याला तिथलं पाणी येतं आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. हे माझ्या मनाला नेहमीच लागतं.

प्रश्न: मी कोपरखैरणेत राहते, माहेर मुरबाड तालुक्यातलं. माझे काका सुपं, टोपल्या, रोवळ्या विणतात. त्यांच्याकडे मे महिन्यात वर्कशॉप घ्यावं असं मनात आहे पण चुलतभाऊ म्हणतो प्लास्टिकच्या जमान्यात कोण येणार. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर: मे चालेल, शेतं रिकामी असतात आणि मुंबईकर गावी आलेले असतात, फक्त सकाळी सातला सुरू करून अकराला आटपा. बांबूची सोय आधीच बघा कारण तो पावसाळ्यानंतर थंडीत तोडलेला बरा, पावसाळ्यात नवे कोंब येत असतात आणि कोवळ्या बांबूला कीड पण लवकर लागते. खाजगी जमिनीतल्या बांबूची आता भीती नको, 2017 मध्ये वन कायदा बदलला आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू "झाड" या व्याख्येतून काढला.

पहिल्याच दिवशी सूप शिकवायला जाऊ नका, जमणार नाही आणि लोक हिरमुसतील. खरं कौशल्य कामट्या, म्हणजे बांबूच्या पातळ पट्ट्या, काढण्यात आहे, कोयत्याने एकसारखी पातळ कामटी सोलत जाणं हे काकांच्या हाताचं काम, ते त्यांनी करून दाखवावं आणि शिकणाऱ्यांना तयार, भिजवलेल्या कामट्या द्याव्यात. छोट्या टोपलीचं बूड घालून चार बोटं वर चढली तरी माणूस खूश होतो. कामटीची धार बोटाला लागते, बँडेज जवळ ठेवा.

चुलतभावाला सांगा की गिऱ्हाईक आहे. भाद्रपदात गौरीच्या ओवशाला, म्हणजे गौरीपुढे सुपं ओवाळायला, नव्या नवरीला सुपं लागतातच, आपल्याकडे ठाण्या-रायगडात किती घरांत ओवसा असतो! वर्कशॉपला आलेल्यांचे फोन नंबर घ्या आणि श्रावणातच ऑर्डर विचारा. त्या दिवसांत मात्र काकांच्या मागे वर्कशॉपचा तगादा लावू नका, कमाईचा सीझन आहे तो त्यांचा.

विश्वकर्मा योजनेत टोपल्या विणणारे बसतात. काका 18 पारंपरिक कामांपैकी एका कामात मोडतात, सीएससी म्हणजे कॉमन सर्व्हिस सेंटरवर नोंदणी होते, ग्रामपंचायत पडताळणी करते, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे आणि कर्ज पहिल्या टप्प्यात 1 लाखापर्यंत 5 टक्के व्याजाने. घरातल्या एकालाच मिळतं, तर नाव काकांचं की भावाचं हे आधी घरात बसून ठरवा, नंतर भांडणं नकोत.

प्रश्न: मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला बोहाड्याचे मुखवटे बघायचेत. नेऊ का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर: जरूर न्या. बोहाडा म्हणजे देवादिकांचे मुखवटे घालून सोंगं नाचवायचा गावचा उत्सव. पण दुपारी झोपवून न्या कारण सोंगं रात्री निघतात, संबळ वाजत असतो आणि गर्दी असते. जव्हार-मोखाड्याकडे पावसाळ्याआधी बोहाडे होतात, तारीख आणि कुठलं सोंग कोणी नाचवायचं हे गावच ठरवतं, म्हणून ओळखीतल्या कोणाला तरी विचारूनच निघा. मुखवट्याला हात लावायचा नाही हे मुलाला घरीच सांगून ठेवा, तिथल्या लोकांसाठी तो देव असतो. रात्रीचं जमणार नसेल तर पौष पौर्णिमेला म्हसाची यात्रा बघा, कल्याणहून एसटीने मुरबाड आणि तिथून म्हसा. बैलांचा बाजार असतो, घोंगड्या मिळतात, आणि दिवसाउजेडी घरी परत येता येतं.