'स्पिनस्टर' आणि 'गँगस्टर' यांतला 'स्टर'

'स्पिनस्टर' या इंग्रजी शब्दाचा अर्थ कोशात 'प्रौढ कुमारिका' असा मिळतो. पण तो मुळात सूत कातणाऱ्या बाईसाठी होता काय, आणि 'गँगस्टर'च्या शेवटी येणारा 'स्टर' तोच काय, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे. दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'होय' असेच आहे.

सुमारे 1100 सालापर्यंतच्या प्राचीन इंग्रजीत 'एस्त्रे' हा प्रत्यय क्रियावाचक शब्दाला लागून ते काम करणारी स्त्री असा अर्थ देत असे. आपल्या 'कोळीण', 'तेलीण' या रूपांतून त्या व्यवसायातली बाई आणि त्या घरची बायको असे दोन्ही अर्थ निघतात. 'एस्त्रे'चा रोख मात्र नवऱ्याच्या धंद्यावर नसून बाईच्या स्वतःच्या कामावर होता, आणि मला हा भेद फार महत्त्वाचा वाटतो. पाव भाजणारी ती 'बॅक्स्टर', विणणारी ती 'वेबस्टर', बिअर गाळणारी ती 'ब्रूस्टर', कापड रंगवणारी ती 'डेक्स्टर'. हे शब्द आज आडनावे म्हणून उरले आहेत. ज्यांच्या नावाचा कोश आपल्याकडेही घरोघरी पोहोचला, त्या नोआ वेबस्टर यांचे आडनाव मुळात विणकरणीचे आहे. दारूविक्रीचे परवाने देण्यासाठी इंग्लंडात दंडाधिकाऱ्यांची जी वार्षिक बैठक भरत असे, तिलाही 'ब्रूस्टर सेशन्स' हेच नाव होते.

प्रत्ययातले स्त्रीत्व मात्र टिकले नाही. पाव भाजणाऱ्या पुरुषासाठी हे रूप वापरल्याची उदाहरणे प्राचीन इंग्रजीतच सापडतात. पुढे उत्तर इंग्लंडात आणि स्कॉटलंडमध्ये 'स्टर' पुरुषांनाही सर्रास लागू लागला, तर दक्षिणेत तो बराच काळ स्त्रीवाचक राहिला. आडनावांतही हा फरक दिसतो : 'वेबस्टर' आणि 'बॅक्स्टर' उत्तरेकडचे, 'वेब' आणि 'बेकर' दक्षिणेकडचे. अखेर 'स्टर'मधून 'बाई' हा बोध इतका पुसला गेला, की शिवणाऱ्या स्त्रीसाठी आधीच असलेल्या 'सीमस्टर'ला फ्रेंचमधून आलेला 'एस' हा दुसरा स्त्रीप्रत्यय जोडून 'सीमस्ट्रेस' घडवावा लागला. एका शब्दात दोन स्त्रीप्रत्यय आहेत, याची जाणीव ते जोडणाऱ्यांना नसावी.

या घसरणीतून एकटा 'स्पिनस्टर' वाचला, कारण सूतकताई बायकांच्याच हाती राहिली. एका मागाला सूत पुरवण्यासाठी अनेक कातणाऱ्या लागत, आणि अविवाहित मुलींना घरबसल्या चार पैसे मिळवून देणारे ते काम होते. कायदेशीर कागदपत्रांत स्त्रीच्या नावापुढे व्यवसाय म्हणून 'स्पिनस्टर' लिहिण्याचा प्रघात पडला आणि सतराव्या शतकात तोच शब्द अविवाहित स्त्रीचा अधिकृत दर्जा दाखवू लागला. त्याला चिकटलेली हेटाळणीची छटा नंतरची आहे. मुळात तो स्वतःच्या कष्टाने कमावणाऱ्या बाईचा शब्द होता, हे विसरले जाऊ नये असे मला मनापासून वाटते. इंग्लंड व वेल्समधील विवाहनोंदणीतून तो 2005 साली वगळण्यात आला.

पुरुषांकडे गेलेल्या 'स्टर'ला हळूहळू हलकेपणा आला. जुगारी तो 'गेमस्टर', फसव्या तो 'ट्रिकस्टर', सुमार पद्ये जुळवणारा तो 'राइमस्टर'. 'यंगस्टर'सारखा निरुपद्रवी शब्द याच साच्यातला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत घडलेला 'गँगस्टर'ही त्यातलाच.

मात्र शेवटी 'स्टर' ऐकू आला म्हणजे तो हाच प्रत्यय, असे समजू नये. 'सिस्टर' हा नातेवाचक शब्द आपल्या 'स्वसृ'चा दूरचा भाऊबंद आहे. 'मास्टर' आणि 'मिनिस्टर' लॅटिनमधून आले आहेत. पहिल्याच्या मुळाशी 'अधिक' आणि दुसऱ्याच्या मुळाशी 'कमी' असा अर्थ आहे, म्हणून 'मिनिस्टर' म्हणजे मूळचा सेवक.